बारा जणींमधलं एक रिकामं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मला पाय चार, पण आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही! त्यातलाही एक पाय आखूड, म्हणून कोणी बसलं की मी डुगडुगतो. आणि डोकं तर मला नाहीच. कदाचित म्हणूनच एक साधी गोष्ट अजून माझ्या लक्षात आलेली नाही. काम म्हणजे नक्की काय?

सुरुवातीला सगळं सोपं होतं. सुतार मला रंधा मारत म्हणाला होता, "बाबा रे, लोकांनी तुझ्यावर बसायचं, हेच तुझं काम." मी खूश! इतकं सोपं काम कोणाच्या नशिबी असतं?

माझ्यासकट बारा स्टुलं औषधांच्या कारखान्यात गेली. तिथे लांबलचक पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या आणि बारा बायका बसून त्यांना लेबलं चिकटवायच्या. माझ्यावर मोठी मावशी बसायची. ती वयाने सगळ्यांत मोठी, आणि तिचे गुडघे तिच्याहूनही म्हातारे. हात मात्र असे झरझर चालायचे, की बाटलीलासुद्धा कळू नये आपण कधी नटलो.

मग नवे साहेब आले. दारातूनच त्यांच्या कपाळाला आठ्या. "इथे काय गप्पांचा फड रंगलाय? बसून कुठे काम होतं का?"

दुसऱ्या दिवशी अकरा स्टुलं गोदामात गेली. मी वाचलो, कारण साहेबांना बॅग ठेवायला काहीतरी हवं होतं. ती बॅग दिवसभर बसून असायची. तिला मात्र कोणी काही बोललं नाही!

महिनाभर बायका उभ्या राहिल्या. शेवटी सगळ्या मिळून साहेबांकडे गेल्या. त्यांच्यातली बडबडी, जिला सगळे चिमणी म्हणायचे, ती म्हणाली, "साहेब, हे पाय आहेत हो आमचे, खांब नाहीत."

साहेब हुशार. त्यांनी बॅग उचलली आणि मला पट्ट्याजवळ ठेवलं. "हे घ्या. मावशींचं वय झालंय, त्यांनी बसावं. तुम्ही बाकीच्या तरुण आहात. झालं ना समाधान?"

मी हरखलो. मावशी बसणार! पण तिने माझ्याकडे पाहिलं, मग उरलेल्या अकरा जणींकडे पाहिलं, आणि ती उभीच राहिली.

"बस की गं मावशी," चिमणी कुजबुजली. "गुडघे सुजलेत बघ."

"मी बसले की तुमचं बसणं संपलं. लेबलं दे इकडे."

नऊ दिवस मी तिच्या शेजारी रिकामा उभा होतो. माझं काही चुकलं का? मी डुगडुगतो म्हणून रागावली का? कोणी सांगेचना. नवव्या दिवशी तिचा गुडघा वाकला आणि ती पट्ट्यावर कोसळता कोसळता वाचली. तेव्हा चिमणीने बटण दाबून पट्टा बंद केला, आणि बाराही जणींनी जमिनीवर फतकल मारली.

साहेब धावत आले. "काम का थांबवलं?"

"थांबवलं कुठे? बसून काम होतं का, तेच बघतोय," चिमणी म्हणाली.

संध्याकाळी अकराही स्टुलं परत आली. चिमणी ज्याला त्याला सांगायची, "या स्टुलाने खरं काम केलं ते त्या नऊ दिवसांत." म्हणजे? माझ्यावर तर कोणी बसलंच नव्हतं! सुताराने सांगितलं ते काय मग?

मावशी निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी मला तिच्या घरी धाडलं. घरी तिचे यजमान अंथरुणाला खिळलेले. मावशी माझ्यावर बसून त्यांना चमच्याने भरवायची. एका वाटीला तासभर.

एके दिवशी घरोघर जाऊन माणसांची नोंद करणाऱ्या सरकारी बाई आल्या. दमलेल्या होत्या. मावशी उठली आणि तिने मला त्यांच्यापुढे सरकवलं.

"घरात कामाला कोण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी आणि बायको," मावशीचा मुलगा म्हणाला. "आई आता काही करत नाही. घरीच बसून असते."

आणि मित्रांनो, नऊ दिवस उभी राहिलेली ती मावशी चक्क म्हणाली, "हो, आता आरामच." हातात वाटी, कमरेत वाकून भरवणं चालूच! मी जीव खाऊन डुगडुगलो. बाईंनी आधी खाली पाहिलं, मग मावशीकडे.

"कागदावर या भरवण्याला जागा नाही हो," त्या ओशाळून म्हणाल्या आणि लगेच उठल्या. "पण स्टूल तुमचं. बसा आधी."

बाई गेल्यावर मुलाने आईच्या हातातली वाटी घेतली आणि तो माझ्यावर बसला. तीन चमच्यांत वडिलांचा सदरा भिजला. दहा मिनिटांत याची पाठ धरली.

"आई, हे तू रोज करतेस?"

"त्यात काय एवढं? बसून तर असते."

मुलगा उठला. त्याने एका पुठ्ठ्याची घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली.

आता मी डुगडुगत नाही. डोक्यातला, म्हणजे नसलेल्या डोक्यातला, गोंधळ मात्र तसाच आहे. मित्रांनो, तुम्हाला उत्तर सापडलं तर मला सांगा. तोपर्यंत एवढंच करा. घरात कोणी 'नुसतं बसलेलं' दिसलं, तर आधी त्याच्या हातांकडे बघा. आणि त्याचं स्टूल डुगडुगतंय का, तेही.