कंपनीचे मत आणि काकूंचा अभ्यास

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटाच्या तळाशी किंवा पलंगाखाली माझ्या जातीचे कोणी ना कोणी धूळ खात पडलेले असेलच. मी जुना लॅपटॉप आहे, पण पलंगाखाली नाही. मी एका शिवणकामाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर, कात्री आणि खडूंच्या डबीशेजारी राहतो. माझे वय विचारू नका. माणसाची पोरे ज्या वयात शाळेत जायला लागतात, त्या वयात आमच्यात म्हातारपण येते. त्या हिशेबाने मी केव्हाच गेलेल्यांत जमा आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक पट्टा सतत सरकत असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे हातमोजे घातलेल्या बायका बसत. एकीने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने स्क्रू आवळले, तिसरीने माझी एकेक कळ दाबून पाहिली. तिने मला डोळे भरून पाहिले असे म्हणता येणार नाही, कारण तेवढ्यात मागचा पुढे सरकला होता. माझ्या खोक्यावर छापले होते की असा लॅपटॉप आजवर झाला नाही. पुढच्या वर्षी कंपनीने माझ्या धाकट्या भावाच्या खोक्यावर तेच वाक्य छापले. मला राग आला नाही. कंपन्यांचे बोलणे लग्न जमवणाऱ्यांसारखे असते, ते फार मनावर घ्यायचे नसते.

माझा पहिला मालक विम्याच्या कचेरीत होता. त्याने मला भरपूर राबवले. जेवतानाही तो माझ्यासमोरच बसायचा, त्यामुळे माझ्या कळांच्या फटींत बरेच काही साठले. कचेरीतून नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा त्याने मला आपल्या भाच्याला दिले. ‘कॉलेजला चाललास ना, घे,’ एवढाच काय तो समारंभ झाला. तोवर माझ्या झाकणाचा एक सांधा निखळला होता. भाच्याने तिथे चिकटपट्टी लावली आणि मला होस्टेलवर नेले.

हा भाचा म्हणजे वल्ली होता. कॉलेजात त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘कंपनी’ म्हणत, कारण त्याच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ फोन आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याच असायच्या. कोणती कंपनी बॅटरीच्या बाबतीत थापा मारते, कोणती जुन्या फोनला मुद्दाम लंगडे करते, कोणत्या कॅमेऱ्याला चंद्र छान दिसतो पण समोरचा माणूस दिसत नाही, हे सगळे त्याला पाठ होते. कॅन्टीनमध्ये त्याचे ठरलेले टेबल होते. नवा फोन घ्यायचा म्हटले की मुले आधी तिथे येत आणि मग दुकानात जात. एकदा तर खुद्द ग्रंथपालांनी त्याला पुस्तकांच्या मांडणीआड नेऊन हळूच सल्ला विचारला होता.

आता मला माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. ज्या वस्तूंवर तो तासन् तास बोलायचा, त्यांतली एकही त्याने हातात घेतलेली नव्हती. सगळे ज्ञान माझ्याच स्क्रीनवर वाचलेले. मला तो कॅन्टीनमध्ये कधी बॅगेबाहेर काढत नसे. तू स्वतः काय वापरतोस, असे कोणी विचारलेच तर ‘सध्या बदलतोय’ म्हणून विषय टाळायचा. हे ‘सध्या’ कॉलेज संपेपर्यंत चालू राहिले. माझे त्यावर काही म्हणणे नव्हते. चिकटपट्टी लावलेल्याला लोकांत कोण मिरवणार?

त्याच्या वर्गात एक काकू होत्या. त्या कोणाच्याच काकू नव्हत्या, वयामुळे सगळे तसे म्हणत. शाळांचे गणवेश शिवून त्यांनी मुलीला मोठे केले, तिचे लग्न लावून दिले आणि मग तरुणपणी अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला पुन्हा कॉलेजात नाव घातले. पहिल्या बाकावर बसायच्या. घाई त्यांना एकाच गोष्टीची होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की नजरेचा मधला भाग हळूहळू विझत जाणार आणि त्यावर इलाज नाही. कडेचे दिसत राहील, नेमके समोरचे दिसणार नाही. तेव्हा अक्षरे पुरती जायच्या आत पदवी पदरात पाडून घ्यायची, एवढेच त्यांच्या मनात होते. शेवटच्या वर्षाला येईपर्यंत पुस्तक नाकाला लावले तरी ओळ सापडेनाशी झाली.

एक दिवस त्या कॅन्टीनमध्ये कंपनीच्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या की मला डोळ्यांचा त्रास आहे, अभ्यासासाठी काय घेऊ. कंपनीने क्षणभरही विचार केला नाही. डोळे म्हटले की स्क्रीन, आणि स्क्रीन म्हटले की त्याचा हातखंडा विषय. त्याने बाजारातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात झगझगीत टॅबचे नाव सांगितले आणि त्याचा उजेड भर उन्हातही कसा मागे हटत नाही यावर एक व्याख्यान दिले. काकूंनी मान डोलावली. जावई दुकानात जाऊन तो टॅब घेऊन आले. पुढे महिनाभर कंपनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की काकूंचा टॅब मीच निवडला.

मग काकू वर्गात येईनाशा झाल्या. परीक्षा तोंडावर आली होती. टॅबचे सॉफ्टवेअर नवे करून द्यायच्या निमित्ताने कंपनी त्यांच्या घरी निघाला. मी बॅगेत होतोच. ही खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. खिडकीला जाड पडदा, भिंतीला लागून शिवणयंत्र, मध्ये हे टेबल आणि त्यावर गणवेशाचे कागदी नमुने पसरलेले. वर पंखा गरगरत होता, पण कागद जागचे हलत नव्हते. त्यांच्यावर तो टॅब पालथा ठेवलेला होता.

कंपनीने तो पाहिला. काकूंनाही ते कळले असावे.

“चांगला जड आहे रे,” त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “कागद अजिबात उडत नाहीत.”

त्याने विचारले तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. उजेडात त्यांच्या डोळ्यांना धारा लागत. उजेड कमी केला की काहीच दिसत नसे. जेवढी स्क्रीन मोठी, तेवढा तिच्यातला न दिसणारा भागही मोठा. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, असेही म्हणाल्या. परीक्षा देणार नाही, हे त्यांनी असे सांगितले की जणू कोणाच्या लग्नाला जायचे रद्द झाले आहे.

“तू असा वापरला होतास का कधी?” त्यांनी विचारले. सूर वाकडा नव्हता, सहज विचारले.

“हातातसुद्धा घेतला नव्हता, काकू.”

मी त्याच्या सहवासात बराच काळ काढला होता, पण एवढे छोटे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तो स्टुलावर बसला. मला त्याची कीव आली. मग त्याने विचारले की तुम्हाला नक्की काय हवे होते. हा प्रश्न त्याने कॅन्टीनमध्ये विचारला असता तर टॅब दुकानातच राहिला असता. काकू म्हणाल्या, मला पाहायचे काहीच नव्हते, कोणी वाचून दाखवले असते तर झाले असते. मुलगी नोकरीमुळे परगावी, जावई इथे असले तरी दिवसभर कामावर, मग कोणाला सांगणार?

वाचून दाखवणारी यंत्रे असतात हे त्याला अर्थातच माहीत होते. त्याने टॅबवर तेही करून पाहिले. पण त्यांच्या अर्थशास्त्राच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. सरांच्या गिचमिड हस्ताक्षरात होत्या आणि कडेचे शब्द कापले गेलेले. टॅबने त्यातून जे काही बोलून दाखवले ते ऐकून काकूंना हसू फुटले. कंपनीला मात्र हसू आले नाही. तो नोट्स घेऊन होस्टेलवर आला.

दुसऱ्या दिवशी मुले मैदानावर गेल्यावर त्याने खोलीचे दार लावले, मला उशीवर ठेवले आणि माझा माइक चालू केला. माझ्यात अजून माइक आहे, हे इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मलाही बरे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही. तो वाचू लागला. वाचले मात्र अगदी स्टेशनवरच्या घोषणेसारखे, एका सुरात, पानामागून पान. ते घेऊन आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी मन लावून ऐकायला सुरुवात केली आणि पहिला धडा संपायच्या आत त्यांना डुलकी लागली.

जाग आल्यावर त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “फोनबद्दल बोलतोस तसं बोल ना रे. ते कसं ऐकत राहावंसं वाटतं.”

त्यानंतर आमचे रेकॉर्डिंग सुधारले. घटत्या उपयोगितेचा सिद्धांत तो असा सांगू लागला: पहिला फोन हातात आला की जीव हरखतो, दुसऱ्याचे कौतुक आठवडाभर, तिसरा सरळ खणात जातो. एका तज्ज्ञाची व्याख्या दिसायला देखणी आहे, पण जोर पडला की तापते, असा त्याने शेरा दिला. पूर्ण स्पर्धेचा बाजार समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाला की असा बाजार जाहिरातीत दिसतो, दुकानात मिळत नाही. मध्येच खोलीतला दुसरा मुलगा आला, तर त्यालाही बसवून घेतले. त्याच्या शंका रेकॉर्डिंगमध्ये तशाच आहेत. कॅन्टीनमधले ते टेबल त्या दिवसांत रिकामे असे. मुले विचारत, कंपनी बंद पडली का.

मला तो काकूंकडे ठेवून जाई. मला चालू करायची कळ सापडावी म्हणून काकूंनी तिच्यावर शर्टाचे बटण चिकटवले. त्या काज करता करता ऐकायच्या, मध्येच पाय थांबवून शिवणयंत्र बंद करायच्या आणि तोच भाग पुन्हा लावायच्या. कधी कंपनीच्या मताशी त्यांचे पटत नसे. तेव्हा त्या माझ्याशी वाद घालत. मी काय बोलणार? मी तेच वाक्य पुन्हा ऐकवत असे.

परीक्षेत त्यांना लेखनिक मिळाली, म्हणजे त्या सांगतील ते उतरवून घेणारी खालच्या वर्गातली एक मुलगी. पेपरानंतर काकूंनी इथे बसून जे सांगितले ते मी ऐकले. पूर्ण स्पर्धेचा प्रश्न आला होता. काकू बोलण्याच्या ओघात ‘असा बाजार जाहिरातीत दिसतो, दुकानात मिळत नाही’ हेही सांगून बसल्या. मुलगी थांबली, हेही लिहू का म्हणाली. काकू म्हणाल्या, लिही, तो खरं बोलतो. हे ऐकून कंपनीने कपाळाला हात लावला. तपासणाऱ्याला ते वाक्य कसे वाटले, कोणाला ठाऊक. काकू पास झाल्या एवढे खरे. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, त्याचे खापर त्यांनी खुशाल त्या वाक्यावर फोडले.

पुढे कंपनीला एका मोठ्या दुकानात फोन विकायची नोकरी लागली. गिऱ्हाईक आले की तो आधी विचारतो, कोणासाठी आणि कशाला. त्याच्या वरच्या साहेबांना ते पसंत नाही, वेळ फार जातो म्हणे. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि मला काकूंकडे कायमचे सोडले. काकू अजूनही ते सगळे धडे ऐकतात, परीक्षा नसताना. अर्थशास्त्र त्यांना आवडायला लागले आहे.

अशा कथेच्या शेवटी काही विनंती करायची पद्धत आहे, म्हणून करतो. मित्रांनो, आमच्या पोटातली धूळ अधूनमधून झाडा. आमच्यावर पाणी सांडू नका. आणि आमच्याबद्दल मत द्यायची हौस असेल तर खुशाल द्या, आम्हाला त्याचे काही नाही. पण ज्याला मत देता, त्याला आधी बसवून नीट विचारा. त्याला काय हवे आहे, ते आमच्या खोक्यावर छापलेले नसते.

आता राहिलेले सांगतो. पदवीचे प्रमाणपत्र यायला बराच उशीर झाला. तोवर काकूंच्या नजरेच्या मध्यभागी काहीच उरले नव्हते. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. कॉलेजच्या कचेरीतून दोघांची प्रमाणपत्रे कंपनीनेच आणली. काकूंनी हात पुसले, आपले प्रमाणपत्र टेबलावर माझ्यापुढे पसरले, डोळे त्याच्यावर इकडून तिकडे फिरवले आणि मान वर केली.

“कसं आहे रे?”

हाच प्रश्न लोक त्याला कायम विचारत आले होते आणि तो कधी अडला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने त्यांचा हात धरला, त्यांचे बोट कागदाच्या मधोमध नेऊन टेकवले आणि म्हणाला, “इथे तुमचं नाव आहे.”

काकूंनी बराच वेळ ते बोट उचलले नाही.