पिठलं सोडून काहीही

शेजारच्या रंजीताताईकडून परत आलेला डबा नळाखाली धरण्याआधी हर्षालीने झाकण उघडून पाहिलं. काल आशाबाईंनी दिलेली मुगाची खिचडी जशीच्या तशी होती. वर सुकलेला थर, आणि एका कडेला चमचा टेकवल्याची खूण. तेवढीच. कडेवरची लेक डब्याकडे हात करू लागली, तशी हर्षालीने झाकण लावून टाकलं.

मोबाईलवर गटाचं नाव होतं ‘रंजीताताईचा डबा’. गल्लीतली सात घरं, सात वार. तक्ता हर्षालीनेच केला होता, बी.एस्सी. झालेली, तिला असलं नीट मांडता येतं, असं सगळ्याजणी म्हणत. तक्त्याखाली तिने लिहिलं होतं, मऊ असावं, तिखट नको, तेल कमी. आणि शेवटी, पिठलं-भाकर सोडून काहीही चालेल.

त्या ओळीचं कारण कोणी विचारलं नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकर करून नेतात. डबा पदराखाली झाकून न्यायचा, उंबऱ्याशी ठेवायचा, निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. दोन वर्षांपूर्वी गल्लीतले अमृतराव गेले, तेव्हा त्यांच्या घरी हर्षालीने तो तसाच नेला होता.

पहिल्या दिवशी डबा घेऊन गेली, तेव्हा रंजीताच्या सासूने, शकुबाईने, तिला दारातच अडवलं होतं.

“इतक्या घरचे डबे दारात कवा येतेत, मालूम हाय ना तुले?”

“तसं नाही हो, शकुमाय. तुमची धावपळ होते, म्हणून...”

“मी हाय अजून. माही चूल पेटते.”

तेव्हापासून हर्षाली केव्हाही गेली तरी तिथे गॅसवर पातेलं असे. त्यात नुसतं पाणी. आधी तिला वाटलं, आंघोळीचं असेल.

डबा घासून ती तशीच शेजारी गेली. पुढच्या खोलीत रंजीताच्या नवऱ्याने, संतोषने, दुकानातला काटा आणून ठेवला होता, कांद्याची पोती मोजायचा. रंजीता त्यावर उभी होती, भिंतीला एक बोट टेकवून.

“बोट काढ,” संतोष म्हणाला. “शाल राहू दे.”

“नागपूरचे डॉक्टर शाल काढाय लावतेत.”

“राहू दे म्हनलं ना.”

चाळीस किलो तीनशे. चाळीसच्या खाली गेलं तर सोमवारचं केमोचं इंजेक्शन देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग काय, हे कोणी विचारलं नव्हतं. संतोष आकड्याकडे बघत राहिला, बटण दाबून त्याने काटा शून्यावर आणला आणि पुन्हा तिला चढायला लावलं. चाळीस तीनशेच.

गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या काट्यावर हर्षालीच्या लेकीचे दोनशे ग्रॅम वाढले होते. एरवी ही बातमी तिने पहिल्यांदा या घरात आणली असती. आई नसलेल्या हर्षालीला बाळंतपणात सव्वा महिना डबा रंजीतानेच पुरवला होता. एकटीने, कुठल्या तक्त्याशिवाय.

संतोष काटा उचलून दुकानाकडे गेला. रंजीता खाटेवर टेकली.

“हर्षू, तुया तक्त्यात लय घरं हायेत. पन चव एकच.”

“तोंड आलंय ताई तुमचं, म्हणून बिनतिखट...”

“उद्या तुही पाळी ना? पिठलं आन. लसूण ठेचून. वरून कच्चं तेल.”

हर्षालीने आत, शकुबाई होती त्या स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“काऊन भिऊन राह्यली? मेल्यावर मले थोडंच भेटन? तुमी समद्या जेवसान, मीच उपाशी.” रंजीता हसली, आणि लगेच तोंडावर तळवा दाबून धरला. हसलं की जखमा ओढत होत्या.

घरी आल्यावर हर्षालीने दोनदा गट उघडला आणि बंद केला.

रविवारी तिने पिठलं टाकलं. लसूण ठेचताना हात थांबत होता. गुठळी राहू नये म्हणून ती ढवळत राहिली, तरी एक राहिली; तिने ती बोटाने चिरडली. ज्वारीची भाकर पातळ थापली, पापुद्रा काढून दुधात मऊ केला. मग डबा पदराखाली घेतला. लक्षात आलं तसा बाहेर काढला आणि उघड्या हातात धरून, लेकीला काखेत मारून निघाली. समोरच्या ओट्यावर विमलबाई मेथी निवडत होत्या. लसणाचा वास त्यांच्यापर्यंत गेला असावा. त्यांनी मान वर केली आणि परत मेथीत घातली.

शकुबाईने डबा दारातच हातात घेतला. झाकण काढून पाहिलं.

“तिनं मांगतलं?”

हर्षालीने होकाराची मान हलवली.

शकुबाई आत गेली. गॅसवरचं पाण्याचं पातेलं तिने खाली उतरवलं, कढई ठेवली आणि डब्यातलं पिठलं त्यात ओतलं. वर भांडंभर पाणी घातलं, चिमूटभर मीठ. उकळी फुटेपर्यंत ती कढईसमोर उभी राहिली. मग भाकरीचा मऊ पापुद्राही तिने तव्यावर टेकवून घेतला.

“आता हे आमच्या घरचं झालं,” ती कढईकडे पाहत म्हणाली. “दे तिले.”

रंजीताने चार घास खाल्ले. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने की कशाने, हर्षालीने विचारलं नाही. पाचवा घास हातातच राहिला. तो तिने हर्षालीच्या लेकीच्या ओठांना लावला आणि उशीवर मान टाकली.

दारातून संतोष डोकावला. त्याच्या हातात काटा होता. वाटीकडे पाहून त्याने तो भिंतीला उभा करून ठेवला.

पोर ओठ चाटत होती. हर्षालीने तिला उचललं, रिकामा डबा घेतला, चपला घातल्या. फाटकाची कडी काढून ती बाहेर पडली.

“हर्षाली.”

शकुबाई उंबऱ्यात उभी होती. तिच्या मागे गॅसवर पुन्हा पाण्याचं पातेलं चढलेलं दिसत होतं.

“जातानी काई म्हनली नाईस.”

हर्षाली फाटकाला धरून उभी राहिली. समोर विमलबाईंचा मेथी खुडणारा हात थांबला होता.

“येते, शकुमाय,” ती म्हणाली. आवाज आतपर्यंत गेला नाही असं वाटून तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं.