तानाबाईच्या कार्डाचा कोपरा

मी एक जुनी खाकी थैली आहे. टपालाची थैली. आता माझा रंग उडाला आहे, पट्टा दोनदा बदलला आहे आणि तोंडाशी एक जाड शिवण आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणालाही वाटेल, बिचारी किती झिजली! पण मी बिचारी नाही. मी एकदा असा घोळ केला आहे, की त्याची आठवण आली की आजही माझं तोंड आपोआप मिटतं. तोच सांगायला बसले आहे.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात जाड कापडातून मला बेतलं. खांद्याला रुंद पट्टा दिला, झाकणाला चामड्याची पट्टी आणि तिच्यावर पितळी बक्कल. त्या बक्कलावर माझा फार जीव. महाराष्ट्र राज्य होऊन एखादं वर्षच झालं होतं, तेव्हा मी बुलढाण्याच्या टपाल कचेरीत आले आणि देऊळघाटच्या कडूबा पोस्टमनच्या खांद्यावर बसले. सकाळी सायकलवरून बुलढाण्याला जायचं, गावचं टपाल घेऊन यायचं, घरोघर वाटायचं आणि दुपारी गावातलं टपाल परत बुलढाण्याला पोचवायचं, हा आमचा रोजचा रगाडा. सणासुदीला कडूबा चिंच लावून माझं बक्कल घासायचा. उन्हात ते असं चमकायचं की बाया लांबूनच म्हणायच्या, "आली वं कडूभाऊची थैली!" मी फुगून जायचे.

माझी एक खोड आहे. माझ्या पोटात उघडं कार्ड पडलं की त्यातलं अक्षर न् अक्षर मला कळतं. कुणाला मुलगा झाला, कुणाची सोयरीक मोडली, सगळं मला आधी ठाऊक. पण बोलता येत नाही. चांगलंच आहे म्हणा, नाहीतर गावात रोज मारामाऱ्या झाल्या असत्या.

दोन वर्षांनी माझं बक्कल सैल झालं. त्याचा काटा वाकून बाहेर आला आणि आतबाहेर करणाऱ्या कागदांना ओरबाडू लागला. कडूबाची बायको बेबीताई रोज म्हणायची, "अहो, त्या इंद्रभानकडून शिवून घ्या ना थैली!" इंद्रभान म्हणजे वेशीजवळ चपला शिवणारा. कडूबा म्हणायचा, "उद्या पाहू." आणि खरं सांगू? तो ‘उद्या पाहू’ म्हणाला की मला हायसं वाटायचं. इंद्रभानच्या आरीची मला भारी भीती. एवढी मोठी सुई अंगात घुसणार म्हणजे काय! चालतंय तेवढं चालू द्यावं, असं मी स्वतःला समजावलं. माझ्या घोळाचं मूळ ते हे. पुढचं सगळं त्यातूनच उगवलं.

आता तानाबाईचं सांगते. देऊळघाटच्या नाल्याकाठी तिचा भाजीचा मळा होता. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. पण सोजराबाई आणि केसरबाई या शेजारच्या मळ्यांतल्या दोघी म्हणजे तिच्या जिवाच्या मैत्रिणी. तिघी एकत्र वांगी तोडायच्या, एकत्र बाजाराला जायच्या आणि परत आल्यावर सोजराबाईच्या अंगणात चहा प्यायच्या. एक दिवस तानाबाईच्या गळ्याशी गाठ आली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला न्यायला सांगितलं आणि रोगाचं नाव घेतलं, कॅन्सर. गावात तो शब्द कुजबुजत फिरला. हा रोग उष्ट्यानं लागतो, श्वासानं लागतो, ज्याच्या मनात येईल ते तो सांगू लागला.

सोजराबाई वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. तिनं तानाबाईचा कप वेगळा केला. निळ्या फुलाचा, कान तुटलेला कप. तो घरात न ठेवता अंगणातल्या कोनाड्यात ठेवू लागली. त्या दिवशी आम्ही टपाल द्यायला तिथंच होतो. तानाबाईनं तो कप पाहिला. चहा प्याली, कप स्वतःच विसळला आणि स्वतःच कोनाड्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ नारायणराव वडनेर भोलजीहून आला आणि तिला मुंबईला घेऊन गेला.

मळ्याला पाणी मात्र दोघींनी देणं सोडलं नाही. रोज माझी वाट पाहायच्या. "कडूभाऊ, तानाबाईचं काही आलं काय?" दोन महिने काही नाही. सोजराबाई तर माझ्याकडे पाहायची तेव्हा डोळ्यांत पाणीच असायचं.

आणि एका शुक्रवारी कार्ड आलं. माझ्या पोटात पडताक्षणी मी वाचलं. नारायणरावाच्या हातचं अक्षर होतं, पण बोल तानाबाईचे होते:

"सोजराबाई व केसरबाई यांस तानाबाईचा रामराम. डॉक्टरनं काल सांगतलं, गाठ विरघळली. रोग पुरता गेला असं आताच म्हणता येत नाही, सहा महिन्यांनी फिरून दाखवायचं आहे, पण आशा चांगली आहे. हा रोग एकाचा दुसऱ्याले लागत नाही, हेही म्या विचारून घेतलं. मलकापूरले रेल्वेतून उतरलं की वडनेर जवळच आहे, पण मी आधी घाट चढून बुलढाण्याले येऊन राह्यली, तुमच्यासाठी. बुधवारी तीनच्या मोटारीनं. दोघी स्टँडवर या. नाही आल्या तं समजीन की तुमचं भेव गेलं नाही. मग भावासंगं वडनेरलेच राहीन. राग धरणार नाही."

मजकूर एवढा दाटीवाटीचा, की नारायणरावानं वरचं ॥ श्री ॥ डावीकडच्या कोपऱ्यात कसंबसं बसवलं होतं.

अशी बातमी पोटात घेऊन मी त्या दिवशी देऊळघाटला निघाले. वाटेत मला वाटत होतं, सायकल एवढी हळू काऊन चालते! सोजराबाईच्या दारात कडूबा उतरला. तोंड दुसरीकडे वळवून कुणाशी तरी बोलत होता. बोलता बोलताच त्यानं माझ्यात हात घातला आणि कार्ड ओढलं. बक्कलाच्या काट्यानं कोपरा धरला. टर्र! मला ऐकू आलं, त्याला नाही. फाटलेला कोपरा चामड्याच्या पट्टीखाली अडकून राहिला.

मित्रांनो, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी कळवायची असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. तसलं कार्ड घरात न्यायचं नाही, दाराबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, अशी रीत. कडूबानं हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मुंबईचा शिक्का. फाटका कोपरा. त्याचा चेहरा उतरला. एरवी तो लोकांना पत्रं वाचून दाखवायचा, पण मरणाचं पत्र त्यानं कधी वाचलं नाही. म्हणायचा, "ज्या दारात मरण वाचलं, त्या दारात उद्या पाय उचलत नाही." त्यानं कार्ड ओट्यावर दगडाखाली ठेवलं, "सोजराबाई, टपाल आहे" एवढंच म्हणाला आणि सायकल हाणली.

वाच रे बाबा! एक ओळ तरी वाच! मी आतून ओरडत होते. पण थैलीचं कोण ऐकतं?

मागून सोजराबाईचा हंबरडा ऐकू आला. पुढचं दुसऱ्या दिवशी कळलं. केसरबाई धावत आली. दोघींनाही अक्षरओळख नव्हती. सोजराबाई म्हणाली, "कुणाकडून वाचून तं घेऊ." केसरबाई म्हणाली, "आता वाचायले काय राह्यलं वं माय त्यात?" आणि तिनं कार्डाचे तुकडे करून आंघोळीच्या चुलीत टाकले. दोघींनी डोक्यावरून पाणी घेतलं. आठ दिवस बाजाराला गेल्या नाहीत.

बुधवार आला. दुपारचं टपाल पोचवून कडूबा नेहमीसारखा बुलढाण्याच्या स्टँडवर चहाला थांबला. मी सायकलच्या दांड्याला टांगलेली होते. तीनची मोटार आली. नारायणरावाचा हात धरून तानाबाई उतरली. वाळली होती, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळला होता, पण पायांवर उभी होती! उतरल्या उतरल्या तिनं देऊळघाटच्या रस्त्याकडे पाहिलं आणि ती बाकावर बसली. बसली ती तशीच त्या रस्त्याकडे पाहत. भाऊ म्हणाला, "पाणी घेतं काय?" ती म्हणाली, "त्या आल्या की घेईन."

कडूबाची तिच्याकडे पाठ होती. तो चहावाल्याला सांगत होता, "आमच्या गावची एक बाई गेली बापा मुंबईले. लाख माणूस होतं." ते लाख माणूस त्याच्यापासून वीस हातांवर बसलेलं होतं. बशीतला चहा संपवून त्यानं सायकल काढली, वळवली आणि आम्ही निघालो. मी मागे पाहत होते. मलकापूरची मोटार लागली. तानाबाईनं एकवार रस्त्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि ती चढली.

मी ते पाहिलं. पाहून गप्प राहिले. माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण आरीला भिऊन मी महिनोन् महिने तो काटा मिरवला नसता, तर ती त्या मोटारीत चढली नसती.

तेवीस दिवस असेच गेले. मग बक्कल तुटलंच. कचेरीतून कडूबाला नवी थैली मिळाली आणि मला मोडीत काढलं. घरी भाजी आणायला होईल म्हणून तो मला घेऊन आला आणि शेवटी एकदाचा इंद्रभानकडे गेला. इंद्रभाननं चामड्याची पट्टी उसवली. आतून पिवळ्या कागदाचा एक त्रिकोणी तुकडा खाली पडला.

"हे काय बे कडूबा? थैलीच्या पोटात कागद?"

कडूबानं तो उचलला. त्यावर बारीक अक्षरात ॥ श्री ॥ होतं. सोजराबाईच्या दारातलं ते फाटक्या कोपऱ्याचं कार्ड त्याला आठवलं. मरणाच्या पत्रावर कुणी श्री लिहीत नाही. हे तर शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतं.

"इंद्रभान," तो हळूच म्हणाला, "म्या जित्या बाईले मारलं रे!"

आरी माझ्या अंगात घुसली तेव्हा मला दुखलं, पण मी म्हटलं, अजून चार टाके घाल बाबा, मला चालतील.

दुसरा दिवस रविवार होता. पहाटेच कडूबा, सोजराबाई आणि केसरबाई मोटारीत बसले. मी कडूबाच्या मांडीवर होते. माझ्यात तानाबाईच्याच मळ्यातली वांगी होती, मेथी होती आणि सगळ्यांच्या खाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, सोजराबाईनं गुपचूप घातलेलं. राजूरचा घाट उतरला, मोताळा गेलं, मलकापूरला मोटार बदलली. ती आहे की नाही, हेच अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं तेही स्टँडवरच्या त्या बुधवारचं. मधल्या दिवसांत काय झालं असेल, या विचारानं माझीही पाचावर धारण बसली होती.

वडनेरला नारायणरावाच्या अंगणात तानाबाई शेंगा फोडत बसली होती. सोजराबाईला तिथंच रडू फुटलं. तानाबाई मात्र जागची उठली नाही.

"आता काऊन आल्या?" ती म्हणाली. "भेव गेलं काय?"

मग कडूबा पुढे झाला. खिशातून तो त्रिकोणी तुकडा काढून त्यानं तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं. बक्कल सांगितलं, बायकोचं न ऐकणं सांगितलं, दगडाखाली ठेवून पळाल्याचंही सांगितलं. लपवलं काही नाही. "चूक माझी आहे ताई. या दोघींची नाही."

तानाबाईनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि तो तुकडा घेतला.

"म्हणजे... तुम्ही मले मेली समजून रडल्या?"

"आंघोळी केल्या वं, डोक्यावरून!" केसरबाई नाक पुसत म्हणाली.

"अन् मी इथं जित्ती बसून तुमच्या नावानं रडली!" असं म्हणून तानाबाई जी हसायला लागली, ती हसता हसता रडायला लागली.

सोजराबाई मात्र हसली नाही. तिनं माझ्या तळाशी हात घातला आणि फडकं सोडलं. निळ्या फुलाचा, कान तुटलेला कप होता.

"कडूभाऊची चूक बक्कलाची," ती म्हणाली. "माही चूक ह्या कपाची. कार्ड चांगलं आलं असतं, तरी हा कप कोनाड्यातच होता. म्या पाप केलं ताने."

आतून चहा आला. तानाबाईनं तो त्याच कपात ओतून घेतला. अर्धा प्याली आणि कप खाली ठेवला. सोजराबाईनं तो उचलला.

"राहू दे वं, उष्टा आहे."

"म्हणूनच तं पाहिजे," सोजराबाई म्हणाली आणि उरलेला चहा एका दमात पिऊन गेली.

मित्रांनो, तानाबाई मैत्रिणींबरोबर देऊळघाटला परतली आणि कडूबानं मला तिलाच देऊन टाकलं; मी तेव्हापासून तिच्याकडे आहे. सहा महिन्यांनी ती पुन्हा मुंबईला गेली, तेव्हा तिची कागदपत्रं माझ्यातच होती. डॉक्टर म्हणाले, गाठ परत आलेली नाही, पुढच्या साली पुन्हा या. तिनं लगेच मैत्रिणींना कार्ड लिहवून घेतलं. चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं. मी तोंड उघडं ठेवून वाट पाहत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, थोडी हसली आणि कार्ड तेवढं हातात धरून पेटीपर्यंत गेली.

बरोबरच होतं तिचं. मला राग आला नाही. पण म्हणूनच तुम्हाला हात जोडून सांगते, काही सैल झालं असेल तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका, आणि पत्राचा कोपरा फाटका दिसला तरी आधी ते पुरतं वाचा. तानाबाईच्या अंगणात आता एकाच ताटलीत तीन कप येतात. त्यातल्या कान तुटलेल्या कपासाठी रोज भांडण होतं. मी खुंटीवरून ते ऐकते आणि दर वेळी मला स्टँडवरचं ते बाक आठवतं.