तेलाचा एक थेंब

मिस्त्रींनी उघडली नाही अशी शिलाई मशीन त्या भागात शोधूनही सापडली नसती. पायाची, हाताची, मोटारवाली, कारखान्यातली, कुठलीही असो. कुरकुर कानावर पडली की त्यांचे हात शिवशिवायला लागत. झाकण काढायचं, दोऱ्यांची लव उपसायची, मलमलीच्या फडक्यानं सगळं पुसायचं आणि जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे तेलाचा एक थेंब सोडायचा. चाळीस वर्षांत दहातल्या नऊ मशिनी एवढ्यावरच ताळ्यावर आल्या होत्या. त्यामुळे बायकोचा जुना कॉम्प्युटर सुरू होताना घरघरायला लागला, तेव्हा त्यात त्यांना काही विशेष वाटलंच नाही.

बायकोला सगळी वस्ती नर्सबाई म्हणे. चौतीस वर्षं तिनं बाळंतपणं केली होती, आधी प्रसूतिगृहात आणि मग घरोघरी जाऊन. मूल जन्मलं की हात धुवून ती वहीत लिहायची: दिवस, वेळ, वजन, आईचं नाव आणि पुढे एक ओळ. ‘पायाळू.’ ‘रडायला वेळ लावला.’ ‘आईनं माझा हात चावला.’ अशा चौदा वह्या झाल्या. एका वर्षी छत गळलं, वह्या भिजल्या, त्यांना बुरशी धरली. तेव्हा नर्सबाईंनी हा वापरलेला कॉम्प्युटर घरात आणला आणि तीन वर्षं दोन बोटांनी टकटक करत सगळं त्यात उतरवलं. एकवीसशे सदतीस जन्म. शेवटचा जन्म उतरला त्या दिवशी बुरशीच्या वह्या तिनं स्वतः कचऱ्यात टाकल्या, कारण त्यांच्या वासानं तिला दम लागायचा.

लोक अजून येत. कुणाला जन्माची वेळ हवी असे, कुणाचा दाखला हरवलेला असे. कुणाला काहीच नको असे, आपल्या नावापुढची ती एक ओळ तेवढी ऐकायची असे. पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर एकदा ‘जन्मला तेव्हा मुठी सोडेना’ हे ऐकून पायरीवर बसून राहिला होता. ‘काढून देते हं,’ असं म्हणून नर्सबाई कॉम्प्युटर लावत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मिस्त्रींनी दुसऱ्या कशानं आलेलं पाहिलं नव्हतं.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाताना ती म्हणाली, “त्याचा आवाज बिघडलाय. कुणाला तरी दाखवा.”

“दाखवतो,” मिस्त्री म्हणाले, आणि ती गेल्यावर स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

पंखा काढला, पुसला, तेल दिलं. हिरव्या पट्टीवरची धूळ झटकली. तरी एका चपट्या लोखंडी डबीबद्दल त्यांना शंका होती. घरघर तिच्यातूनच येत होती, हे त्यांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून नक्की केलं होतं. डबीचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे. मिस्त्रींनी एक जुना स्क्रू ड्रायव्हर कानशीनं घासून तसा करून घेतला. आत आरशासारखी तबकडी. इतकं सुबक काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी मधल्या खुंटीवर एकच थेंब सोडला, तबकडी मलमलीनं हलक्या हातानं पुसली, सगळं होतं तसं बसवलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई डोळ्यावर पट्टी लावून घरी आल्या. दुसऱ्या डोळ्यानं तसंही त्यांना धुरकटच दिसायचं. “बघ आता कसा गप्प चालतो,” असं म्हणत मिस्त्रींनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. आतून एक लांब शिट्टी आली, थांबली, पुन्हा आली.

“हे काय ओरडतंय?” आतल्या खोलीतून नर्सबाईंनी विचारलं.

“उठतोय,” मिस्त्री म्हणाले.

दुपारी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. त्याला सगळे ‘बघूया’ म्हणत, कारण कशालाही त्याचं उत्तर तेच असे. जाडजूड माणूस, चष्मा कपाळावर.

“बरा होईल ना रे?” मिस्त्रींनी दारातच विचारलं.

“बघूया.”

“ते तुझं नाव झालं. उत्तर दे.”

“काका, शिट्टी मारतोय म्हणजे जिवंत आहे. मेलेला बोलत नाही.” बघूयानं झाकण काढलं. “शिट्टी मेमरीची असते. ही पट्टी जागेवरून हलली की हा असाच गळा काढतो. कुणी हात लावला होता का?”

“धूळ झटकली होती,” मिस्त्री म्हणाले. हे खोटं नव्हतं.

बघूयानं पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून पुन्हा बसवली. बटण दाबलं. शिट्टी नाही, एक छोटी टिक, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष पट्टीचा होता. ती तर झटकताना सुटली असेल. थेंबाचा काही संबंध नव्हता.

“आली का यादी?” आतून आवाज.

“थांबा काकू, आत्ता कुठे डोळे उघडलेत,” बघूया म्हणाला. “आणि उघडून म्हणतोय, आज एक जानेवारी आहे, पंचवीस वर्षांपूर्वीची.”

“माझ्यापेक्षा तोच विसरभोळा म्हणायचा,” नर्सबाई हसल्या.

आत एक नाण्याएवढा सेल असतो, तो घड्याळ चालवतो आणि कुठून सुरू व्हायचं तेही ध्यानात ठेवायला मदत करतो, असं बघूयानं सांगितलं. तो पार संपला होता. त्यानं खिशातून नवा काढून बसवला, आजची तारीख घातली. मिस्त्री त्याच्या खांद्यावरून बघत होते. दुसराही दोष सापडला, आणि तोही म्हातारपणाचाच. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतः उठून चहा टाकला.

चहा गाळत असताना बघूया म्हणाला, “हं. इथे घोडं पेंड खातंय.”

पडद्यावर एकच ओळ होती. बघूयानं ती त्यांना समजावून दिली: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती याला सापडत नाही.

“वायर सैल असेल,” मिस्त्री घाईनं म्हणाले.

“असू शकेल.” त्यानं वायर काढून घट्ट बसवली. तीच ओळ. पिशवीतली दुसरी वायर लावली. तीच ओळ. दुसऱ्या खाचेत लावली, सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन यादी तपासली. डिस्कच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं.

“काकू,” बघूयानं मोठ्यानं विचारलं, “यादीची दुसरी कॉपी काढून ठेवलीय ना?”

“म्हणजे काय! दोन आहेत,” नर्सबाई ठसक्यात म्हणाल्या. “मी काय कच्च्या गुरूची चेली आहे?”

“वा! कुठे ठेवल्यात?”

“त्याच कॉम्प्युटरमध्ये. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या.”

बघूयानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यानं पंख्याची वायर काढून ठेवली, म्हणजे त्याचा आवाज मध्ये येणार नाही, आणि बटण दाबून कान लावला. मिस्त्रींनाही ऐकू आलं. टक्. टक्. मग खर्रकन काहीतरी घासलं. पुन्हा टक्. असा आवाज मशिनीनं दिला की मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत, नवीन घ्या.

बघूयानं वीज बंद केली, डिस्कची डबी बाहेर काढली आणि उजेडात धरली. चांदणीच्या स्क्रूंच्या कडा खरवडलेल्या होत्या. त्यावरून चिकटवलेला कागदी पट्टा मधोमध फाटला होता. सांध्यातून बारीकसा चकचकीत ओघळ आला होता. त्यानं तो बोटावर घेतला आणि अंगठ्यानं चोळून बघितला.

“काका,” तो अगदी हळू म्हणाला, “हे कुणी उघडलं?”

मिस्त्रींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “घरघरत होती. एकच थेंब घातला.”

“आणि तबकडी?”

“पुसली. मलमलीनं.”

बघूया स्टुलावर बसला. “त्या तबकडीवरून सुई फिरते, न टेकता. मध्ये केसभरही जागा नसते. धुळीचा कण गेला तरी संपलं. आणि तुम्ही…”

“मोठ्या शहरात असतात ना माणसं, यातलं काढून देणारी?”

“असतात. थांबा, बघू…” तो शब्द त्याच्या तोंडातच राहिला. त्यानं मोबाइलवर डबीचे फोटो काढले, कुणाला तरी पाठवले, मग फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. तेल, फडकं, त्यानंतर चार-पाच वेळा चालू केल्याचं. पलीकडचं बोलणं मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं, पण ते फार वेळ चाललं नाही.

“उघडल्याबरोबर आणली असती तर प्रयत्न केला असता म्हणतात,” बघूया म्हणाला. “पुसलेली आणि वर फिरवलेली, घेणारच नाहीत. त्यात मीही फिरवली की पाच वेळा. मला माहीत असतं तर…” मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, “काकूंना मी सांगतो, डिस्क म्हातारी होऊन गेली. होतच असतं तसं. तुम्ही गप्प बसा.”

मिस्त्रींनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“काय कुजबुज चाललीय रे दोघांची?” नर्सबाईंनी विचारलं. “मला डोळ्याला पट्टी आहे, कानाला नाही.”

बघूया दारात गेला. “काकू, डिस्क गेली. जुनी होती.”

नर्सबाई म्हणाल्या, “आल्यापासून त्या खोलीत मशिनीच्या तेलाचा वास येतोय. मी म्हटलं, यांच्या कपड्यांना असेल. अहो, इकडे या.”

मिस्त्री आत गेले. पलंगाच्या कडेला उभे राहिले.

“तुम्ही उघडलात?”

“हो.”

“तेल घातलंत?”

“हो गं.”

“लोकांची मशीन उघडताना विचारून उघडायचात ना?”

“विचारून.”

“मग?”

बघूयानं बाहेरच्या खोलीत झाकण बसवलं, नवा सेल आतच ठेवला, चहा न पिताच गेला. जाताना दार त्यानं इतक्या हळू ओढून घेतलं, जसं आत कुणी आजारी असावं.

रडायचं नाही, असं दवाखान्यात बजावलं होतं. डोळ्याला चालत नाही. नर्सबाई रडल्या नाहीत. छताकडे तोंड करून पडून राहिल्या. ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं तेव्हा म्हणाल्या, “वही आहे का कोरी?”

मिस्त्री धावतच वही घेऊन आले. एवढा वेळ त्यांना कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. “तू सांग, मी लिहितो. सगळी लिहितो. रोज थोडी थोडी. तुझ्या डोक्यात असतीलच.”

“लिहा. पहिली तारीख, पावणेपाच पहाटेचे, मुलगी. आई शिक्षिका. नाळ गळ्याभोवती. दोनदा श्वास घेतला.”

मिस्त्रींनी लिहिलं. “पुढे?”

“मुलगा. सातव्या महिन्यात. नऊशे ग्रॅम. आई धोबीण होती, आपल्या मागच्या गल्लीतली. दुपारपर्यंत होता.” ती थांबली नाही. “मग जुळी. एक राहिली, एक नाही.”

“राहिली तिचं लिहू?”

“तिची वेळ आठवत नाही.”

तिनं तारीख सांगावी, वार सांगावा, आईच्या बांगडीचा रंगसुद्धा सांगावा, आणि मिस्त्रींनी लिहावं. त्यांचं अक्षर वाकडं होत गेलं. चौथं पान उलटताना त्यांनी भीत भीत विचारलं, “आणि तो ट्रकवाला? मुठी सोडेना तो? त्याचा वार?”

नर्सबाईंनी आठवून पाहिलं. ओठ हलले, बोटं चादरीवर काहीतरी मोजत राहिली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “जी जगली, ती उठून गेली हो. ती कशाला धरून ठेवीन मी? त्यांच्यासाठीच तर लिहून ठेवत होते.”

मिस्त्री पेन हातात धरून बसले. तिनं पुढचं नाव सांगितलं, तेही त्यांनी लिहिलं. दिवे लागेपर्यंत नऊ पानं भरली, आणि त्यात आपली वेळ विचारायला दारात येईल असं एकही माणूस नव्हतं.