विसावं नाव

बाईंचा फायदा म्हणाल तर रोजच्या अर्ध्या तासाचा. मधली सुट्टी झाली की सात मिनिटांत घर गाठायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवायचं, चार घास भरवायचे आणि घंटेच्या ठोक्याला पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत हे जमलं नसतं. पण वर्षाच्या पडताळणीत पट विसाच्या खाली भरला की शाळा बंद, मुलं रोज दोन तासांची पायपीट करणार आणि बाईंची बदली वरचे लोक करतील तिथे. पट होता बरोब्बर वीस. त्यातली विसावी मोठी.

मोठी म्हणजे इस्त्रीवालीची थोरली लेक. शाळा पाचवीपर्यंतची आणि मोठी पाचवी पास झालेली. शहरातल्या निवासी शाळेच्या परीक्षेत तिचा नंबरही लागला होता. शनिवारपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला पोचला की जागा पक्की. पण दाखला हाती पडेपर्यंत नाव जुन्याच पटावर राहतं, आणि बाईंनी नेमका तेवढाच आडोसा धरला होता. गुरुवारी साहेबांची पटपडताळणी, शुक्रवारी दाखला, शनिवारी शहर. साप मरणार होता नि काठीही मोडणार नव्हती.

गुरुवारी साहेब फिरकलेच नाहीत. दुपारी फोन आला, "बाई, आता सोमवारी येतो हं." साहेबांना काय, गुरुवार आणि सोमवार दोन्ही सारखेच.

शुक्रवारी इस्त्रीवाली वर्गाच्या दारात उभी.

"बाई, दाखला न्यायला आले."

"अगं, शिक्का वर कार्यालयात गेलाय. सोमवारी येईल."

"पण मुदत उद्याची आहे ना?"

"दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? मी चिठ्ठी देते सोबत. एवढी हुशार पोर, सोडतील होय ते?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. भांडणाऱ्याला फसवताना माणसाला निदान राग तरी सोबतीला असतो.

घरी सासूबाईंनी उशीवरूनच चेहरा वाचला. "काय गं, बदली-बिदली झाली की काय?"

"नाही हो, आई."

"मग हस की जरा. मला मेलीला दुसरं कोण आहे वळवायला?"

शनिवारी सकाळी बाईंनी दाखला लिहून काढला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. उरला फक्त शिक्का. शिक्का टेबलाच्या खणात होता आणि हात टेबलावर, पण दोघांची काही गाठ पडेना. तेवढ्यात "बाई, खडू संपला" म्हणत मोठीच आली आणि नेहमीप्रमाणे खण ओढला. खडूच्या पेटीशेजारी शिक्का. तिने तो पाहिला, बाईंकडे पाहिलं. खडू घेतला आणि खण हळूच, आवाज न करता लोटला.

अकराची शहराची बस शाळेवरून गेली. बाई धाकट्यांचे पाढे घेत होत्या. सातच्या पाढ्यात दोनदा चुकल्या. एरवी मोठीने लगेच टोकलं असतं.

सोमवारी साहेब आले. बोट नाचवत डोकी मोजली. विसाव्या डोक्यापाशी बोट अडलं.

"ही जरा थोराड दिसते. काय गं, पाचवीतच का अजून?"

मोठी उठून उभी राहिली.

"गणित कच्चं आहे, साहेब."

वर्गातली लहान पोरं खुदकन हसली. गणितं अडली की सगळी जायची मोठीकडेच.

"मग लक्ष देत जा. बाई चांगल्या मिळाल्यात तुम्हाला," म्हणत साहेबांनी सही ठोकली.

त्याच संध्याकाळी शिक्का मारलेला दाखला इस्त्रीवालीच्या हातात पडला. मंगळवारी मायलेकी शहरात जाऊन आल्या. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. चिठ्ठी वाचून तिथला कारकून म्हणाला, मुदत म्हणजे मुदत. आणि पुढच्या वर्षी मुलगी वयात बसत नाही.

आठवड्याने बाई इस्त्रीच्या टपरीपाशी थबकल्या. मोठी टेबलामागे उभी होती, पायाखाली खोकं घेऊन. इस्त्री दोन्ही हातांनी रेटत होती.

"अगं, सहावीची पुस्तकं आणून देते मी. संध्याकाळी घरी येत जा. शिकवीन."

"नको, बाई. संध्याकाळीच कपडे जास्त येतात." तिने कॉलर उलटली, दाबली. "पटावर आता एकोणीसच राहिले ना?"

बाईंनी मान डोलावली.

"आमच्या धाकटीला सहावं लागलंय. घाला तिचं नाव." टेबलाखाली बसलेल्या बहिणीला तिने हाताला धरून पुढे केलं. "तेवढा तिचा दाखला वेळेवर द्या, बाई."

बाईंनी दुसऱ्या दिवशी नाव घातलं. अक्षर नेहमीपेक्षा सावकाश काढलं. एकोणीस पोरांची शाळा घराजवळ राहिली, साहेबांचा कागद पुरा झाला, सासूबाईंची पाठ शाबूत राहिली. बाईंना अर्धा तास मिळाला तो मिळालाच. या सगळ्याची किंमत एकट्या मोठीने मोजली, आणि वर विसावं नावही तिनेच आणून दिलं.