हाकीम फेईची स्तुती वाहणारे कासव

मी एक जुने दगडी कासव आहे. यूशी तालुक्याच्या कचेरीच्या दारात बसलो आहे आणि पाठीवर माणसाहून उंच शिळा वाहतो आहे. मित्रांनो, माझ्या डोक्यावरून हात फिरवला की नशीब उघडते, असे तुम्हाला कुणीतरी सांगितले असेल. हात लांब ठेवा. हात फिरवून फिरवून लोकांनी माझे नाक झिजवले, नशीब कुणाचेच उघडले नाही.

थांग राजवटीत हा तालुका स्थापन झाला, तेव्हा मला घडवले. पाथरवटाने माझे तोंड हसरे केले, हा माझ्यावरचा पहिला अन्याय. पुढे एका बादशहाच्या नावात आमच्या तालुक्याचे अक्षर आले. बादशहाचे नाव प्रजेने घ्यायचे नसते, म्हणून तालुक्यानेच नाव बदलले. सुंग राजवटीत तर तालुकाच मोडून शेजारच्या तालुक्याच्या शेपटीला बांधला. कचेरीत शेळ्या राहायला आल्या. त्या निदान शिक्के मारत नव्हत्या. युआन राजवटीने तालुका पुन्हा उभा केला, कारण शेतसारा गोळा करायला कुणीतरी हवेच. मिंग राजवटीने तो एका जिल्ह्यातून काढून दुसऱ्यात घातला, छिंग राजवटीने परत पहिल्यात. बहुतेक वेळा नवी शिळा. पाठ मात्र माझीच.

त्यातली एकच शिळा मी आनंदाने वाहिली. मिंगांच्या काळातली, पाण्याची. पाटाच्या वरच्या अंगाला शांगवान गाव, खालच्या अंगाला श्यावान. रोज सकाळी तीन उदबत्त्या जळेपर्यंत पाणी श्यावानचे, असे तिच्यावर कोरले होते. राजवट बदलली, जिल्हा बदलला, तरी ही शिळा कुणी उतरवली नाही आणि उदबत्त्या तीनच राहिल्या.

मग तालुक्याचा कारभार पाहायला हाकीम फेई आला. दोन दुष्काळांत त्याने सरकारी कोठाराचे दार उघडले नाही. बदलीचा हुकूम येताच त्याला आठवण झाली, की चांगला हाकीम निघाला म्हणजे लोक रडत त्याचे बूट काढून घेतात, वेशीवर टांगतात आणि त्याच्या नावाची शिळा उभारतात. रडायला कुणी आले नाही. तेव्हा त्याने आपल्याच नोकरांकडून बूट काढवले आणि वेशीवर टांगले. दुसऱ्या दिवशी ते शेणाने भरलेले होते. ते कोणी केले, मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

शिळेसाठी डोंगरातून नवा दगड आणायचा त्याला कंटाळा. कारकुनाला म्हणाला, "ही जुनी आहे ना? तासा."

श्यावानची ख्वांग काकू धावत आली. विधवा बाई, पाटाच्या अगदी टोकाला तिचे राळ्याचे शेत. ती माझ्या मानेला मिठी मारून बसली.

"अहो कारकूनदादा, आमचं पाणी आहे त्यावर!"

"पाणी पाटात असतं काकू, दगडावर नाही. उठा."

"तुझ्या जिभेला कीड पडो!"

शिपायांनी तिला फरफटत नेले. पाथरवटाने पाण्याची अक्षरे तासली. मला तेव्हा चावता आले असते तर मी चावलो असतो. कारकुनाने रिवाजाप्रमाणे गोड मजकूर लिहिला. फेई प्रजेचा पिता, फेई चंद्रासारखा निर्मळ, आणि फेईच्या कृपेने श्यावानच्या शेवटच्या वाफ्यालाही रोज तीन उदबत्त्यांचे पाणी मिळाले.

फेई गेला, जिल्ह्याचा मोठा हाकीम झाला. आठवड्यातच शांगवानच्या मुकादमाने, शी दाओने, पाटाची फळी खाली सोडून श्यावानचे पाणी अडवले.

"आमची पाळी आहे," काकू म्हणाली.

"कुठं लिहिलंय? दाखव की दगड!"

राळे पिवळे पडू लागले. श्यावानची माणसे रागाने हातोडे घेऊन माझ्याकडे आली, फेईचे नाव फोडायला. मी म्हटले, फोडा रे, माझीही पाठ हलकी करा. पण काकू आडवी आली. तिला वाचता येत नव्हते. तिने देवळातल्या भिक्षूकडून सगळी स्तुती दोनदा वाचून घेतली होती.

"हातोडे ठेवा खाली, मूर्खांनो," ती म्हणाली आणि कचेरीपुढचा फिर्यादीचा नगारा बडवू लागली.

नवा हाकीम दू बाहेर आला.

"साहेब, एकच विचारते. ही शिळा खरी का खोटी?"

दूने मजकूर वाचला. खोटी म्हणावे, तर आपल्या वरिष्ठाला खोटे ठरवल्यासारखे. खरी म्हणावे, तर तीन उदबत्त्या आल्या. 

"खरी आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मग फळी उघडायला माणूस धाडा."

नगारा ऐकून आलेला शी दाओ ओरडला, "अहो, ती तर नुसती स्तुती आहे! स्तुतीत कुणी खरं लिहितं का?"

"हे मोठ्या हाकिमांसमोर जाऊन बोलशील?" दूने विचारले. त्याच दिवशी पाणी खाली आले.

तेव्हापासून, मित्रांनो, सगळा श्यावान ज्याचा द्वेष करतो, त्याची स्तुती सगळा श्यावान जपतो. अक्षरे पुसट झाली की काकू शिव्या देत देत त्यांत काजळी भरते. मलाही हे ओझे नकोसे आहे. पण शांगवानची माणसे अजून रात्री-अपरात्री छिन्नी घेऊन येतात, म्हणून सांगतो. या शिळेला दगड मारू नका, तिच्यावर नावे कोरू नका. राग आलाच तर फेईच्या नावावर थुंका. काकूही थुंकते. पण मग बाहीने पुसून जाते. तुम्हीही पुसून जा.