साहेबांच्या चिलीतला राजमा

ह्यूस्टनच्या ब्राझोरा एनर्जीत वीस वर्षांचा गॅसचा करार झाला, की वीसही वर्षांचा नफा त्याच दिवशी जमा दाखवायचे. बाजारात तुरी, असला कारभार. मोठे साहेब थर्मन प्रुएट याला दूरदृष्टी म्हणत आणि सगळी कंपनी टाळ्या वाजवी. पाइपलाइन विभागातला डेल्बर्ट मराक तर सर्वांत जोरात.

त्याची निवृत्ती तोंडावर आली होती आणि म्हातारपणाची सगळी पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती.

"अरे, निम्मे तरी वीक," बायको लॉरीन म्हणे. "तो प्रुएट काय तुझा मामा लागतो?"

"माणूस शब्दाचा पक्का आहे गं."

ऑक्टोबरात कंपनीच्या आवारात चिली रांधायची स्पर्धा झाली. टेक्सासात चिली म्हणजे गोमांस, सुक्या मिरच्या आणि धीर. तिच्यात राजमा घालणं म्हणजे सोवळ्यात कांदा. साहेब स्वतः ॲप्रन बांधून पातेल्यापाशी उभे होते.

"आईची शपथ," ते सगळ्यांना ऐकवत होते, "निव्वळ मांस आहे."

डेल्बर्ट परीक्षक होता. पहिला घास झकास लागला. दुसरा जिभेवर पिठूळ लागला, आणि तिसऱ्याला शंकाच उरली नाही. राजमा वाटून रस्सा दाट केला होता. मांस निम्मंसुद्धा नव्हतं. एवढा कोट्यधीश माणूस, आणि पातेलंभर मांसात हात आखडतो? वर आईची शपथ घेतो? डेल्बर्टला मनापासून वाईट वाटलं. पुढचा घास उतरेना.

घरी येऊन तो म्हणाला, "सोमवारी सगळे शेअर विकतो."

"सगळे? मी निम्मे म्हणत होते."

"तेव्हा मला राजम्याचं माहीत नव्हतं."

त्याने विकले. कचेरीतल्या दोस्तांनाही विका म्हणून सांगितलं. ते पोट धरून हसले.

नाताळाआधीच ब्राझोरा कोसळली. तोटा खोट्या उपकंपन्यांच्या पोटात दडवला होता आणि त्या कंपन्यांना साहेबांच्या घोड्यांची नावं होती. दोस्तांची पुंजी मातीमोल झाली. सगळ्यांबरोबर डेल्बर्टचीही नोकरी गेली. पुंजी तेवढी वाचली, आणि नेमकी तीच त्याच्या अंगाशी आली.

सरकारी चौकशीला दोघं बसली होती: वॉशिंग्टनहून आलेला एक तरुण साहेब, आणि ह्यूस्टनच्याच ओटिली ब्रॅगबाई.

"कंपनी बुडायच्या तोंडावर सगळे शेअर विकलेत," साहेब म्हणाला. "आतली बातमी कुणी दिली? खरं सांगा, नाहीतर पैसे जप्त आणि तुम्ही आत."

डेल्बर्ट म्हणाला, "चिलीने, सर."

"थट्टा करताय?"

"प्रुएटसाहेबांच्या चिलीत राजमा होता. वाटून घातलेला."

साहेबाने पेन आपटलं. "चिलीत राजमा असतोच. माझी आई घालते."

ओटिलीबाईंनी त्या पोराकडे कीव येऊन पाहिलं आणि त्या डेल्बर्टकडे वळल्या.

"राजमा नाही म्हणून सांगितलं होतं त्यांनी?"

"आईची शपथ घेऊन, बाई. सगळ्या कंपनीसमोर."

बाईंनी फाइल मिटली.

"अहो, पण पुरावा?" साहेब म्हणाला.

"टेक्सासच्या ज्युरीपुढे हे प्रकरण नेलंत, तर हे सुटतील आणि लोक आपल्याला आत टाकतील. जा घरी, मिस्टर मराक."

डेल्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला.

"आणि तुम्ही," बाई साहेबाला म्हणाल्या, "रविवारी माझ्याकडे चिली खायला या. आईला मात्र कळवू नका."